खाऱ्या पाण्यातील मत्स्यालय : गाळणी लिटरवर नव्हे, खाद्यावर ठरवावी

समुद्री शोभिवंत माशांची टाकी घरात किंवा परसात उभी करू इच्छिणारा माणूस दुकानात जातो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "दोनशे लिटरच्या टाकीला कोणता फिल्टर चालेल?" दुकानदार खोक्यावर छापलेला आकडा वाचून उत्तर देतो. तीनशे लिटरपर्यंत हा, पाचशे लिटरपर्यंत तो. व्यवहार पाच मिनिटांत आटोपतो. माझे मत असे की, गफलत या प्रश्नातच आहे आणि गोड्या पाण्यात जी गफलत खपून जाते तीच खाऱ्या पाण्यात महागात पडते. टाकीतील घाण पाण्यातून येत नाही, ती खाद्यातून येते. म्हणून टाकीत किती लिटर पाणी आहे यापेक्षा त्या पाण्यात रोज किती ग्रॅम खाद्य पडते, हा आकडा गाळणीच्या निवडीचा पाया असला पाहिजे. खोक्यावरील लिटर ही पंपाची क्षमता सांगतात. माशांच्या मलमूत्राचे काय होणार, हे सांगत नाहीत.

कृषी संशोधनाच्या वार्तापत्रात हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांची चर्चा कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु हा विषय आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींचे बीजोत्पादन तंत्र विकसित केले आणि तमिळनाडूतील मंडपम परिसरातील महिलांनी लहान पिल्ले वाढवून विकण्याचा जोडधंदा त्यावर उभा केला. लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मार्गदर्शनाखाली स्थानिक स्त्रिया शोभिवंत कोळंबी वाढवितात. आपल्याकडे कांदळवन प्रतिष्ठानाने ऐरोलीत सागरी शोभिवंत माशांचे बीजोत्पादन केंद्र सुरू केले आहे. २०२० पासून राबविल्या जाणाऱ्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत मत्स्यसंगोपनास सर्वसाधारण प्रवर्गासाठी ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के साहाय्याची तरतूद आहे. अशा घटकात गाळणी यंत्रणेचे स्थान बागायतदाराच्या विहिरीवरील मोटारीसारखे असते. फरक इतकाच की, मोटार बंद पडली तर पीक चार दिवस तग धरते. टाकीतील मासे एक रात्रही काढतीलच असे नाही.

आणि मेलेला मासा टाकीतून काढला म्हणजे प्रश्न मिटत नाही. त्याच्या जागी दुसरा आणला जातो. सागरी शोभिवंत माशांच्या व्यापारातील बहुसंख्य जाती आजही प्रवाळखडकांवरून पकडून आणलेल्या असतात. दूरच्या शहरातील वाईट गाळणीचा भार शेवटी कोणत्या तरी प्रवाळबेटावर पडतो.

आता हिशेब पाहू. दोनशे लिटरच्या टाकीत रोज २ ग्रॅम सुके खाद्य पडते आणि त्यात ५० टक्के प्रथिने आहेत असे धरू. खाद्यातील प्रथिनांच्या वजनाला ०.०९२ ने गुणले की त्यापासून पाण्यात येणारे अमोनिया-नत्र मिळते, हा बंदिस्त मत्स्यसंवर्धनात रूढ असलेला ठोकताळा आहे. १ ग्रॅम प्रथिनांपासून अशा रीतीने ९२ मिलिग्रॅम नत्र येते. दोनशे लिटरमध्ये ते प्रतिलिटर ०.४६ मिलिग्रॅम होते. गाळणीतील जिवाणू काम करीत नसतील तर तीन दिवसांत ही पातळी १.४ मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचते. गोड्या पाण्याच्या टाकीत सामू ७ असेल, तर २८ अंश सेल्सियस तापमानाला या अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग मुक्त, म्हणजे खरोखर विषारी, स्वरूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो. तेथे त्याच तापमानाला मुक्त अमोनिया ७ ते ८ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे घाण तितकीच, विष मात्र दहापट. आपल्या उदाहरणात मुक्त अमोनिया ०.१ मिलिग्रॅमवर जातो, आणि संवर्धनात सुरक्षित मानली जाणारी मर्यादा ०.०२ च्या आसपास आहे. गोड्या पाण्यात गोल्डफिश अनेक वर्षे पाळलेला अनुभवी माणूस समुद्री टाकीत पहिल्याच महिन्यात का फसतो, त्याचे उत्तर या एका गुणोत्तरात आहे.

दुसरी अडचण प्राणवायूची. २८ अंशांना गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. दर हजारी ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यात तो ६.४ मिलिग्रॅमच्या जवळपासच विरघळतो. पाणी तापले की हाही साठा घटतो. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना १ ग्रॅम नत्रामागे सुमारे ४.६ ग्रॅम प्राणवायू लागतो. एकाच तुटपुंज्या साठ्यावर मासे आणि गाळणी असे दोन वाटेकरी असतात. म्हणून आपल्या हवामानात जैविक गाळणीची पहिली कसोटी मी अशी मानतो : ही गाळणी पाण्याला प्राणवायू देते की पाण्यातील प्राणवायू घेते?

या कसोटीवर बाजारातील सर्वांत रुबाबदार वस्तू, म्हणजे बंद डब्यातील कॅनिस्टर फिल्टर, मागे पडते. तिची रचना सुबक असते, आवाज होत नाही, दिवाणखान्यात शोभते. पण तिच्या आतील जिवाणूंना पाण्याबरोबर आलेला प्राणवायू सोडून दुसरा आधार नसतो. वीज गेली की प्रवाह थांबतो आणि बंद डब्यातील प्राणवायू जिवाणू स्वतःच संपवून टाकतात. खंड काही तासांचा झाला तर डब्यातील पाणी कुजू लागते, उपयुक्त जिवाणू दगावतात, आणि वीज परत आल्यावर पंप ते सगळे पाणी इमानाने टाकीत ओततो. मासे वीज गेल्याने मेले असे आपण म्हणतो. कित्येकदा ते वीज परत आल्याने मेलेले असतात. अखंड वीज असलेल्या देशांत ही उणीव जाणवत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी किंवा वादळी पावसाच्या रात्री ती हमखास जाणवते. ज्या गावात वीज भरवशाची नाही तेथे कॅनिस्टर हा एकमेव फिल्टर असू नये, हे मी ठामपणे म्हणेन.

याउलट हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर, किंवा हवेच्या जोरावर पाणी उचलून ते सच्छिद्र माध्यमावर ठिबकत सोडणारी ठिबक गाळणी, ही दिसायला ओबडधोबड असते. पण तिच्यात पाणी आणि हवा यांची गाठ सतत पडत राहते. विजेचा हिशेबही तिच्याच बाजूचा आहे. ४० वॉटचा पंप अहोरात्र चालला तर महिन्याला सुमारे २९ युनिट जळतात. ५ वॉटचा एअर पंप साडेतीन-चार युनिटांत भागवतो. खरा फरक बॅटरीवर दिसतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या छोट्या बॅटरीत ८४ वॉट-तास ऊर्जा असते. तीवर ४० वॉटचा पंप दोन तासही चालणार नाही. ५ वॉटचा, थेट बॅटरीवर चालणारा एअर पंप बारा तासांच्या आसपास चालतो. रात्रभर वीज गेली तरी पहाटे मासे जिवंत दिसण्यासाठी लागणारी किंमत ही एवढीच आहे. तरीही प्रकल्प अहवालांत हा खर्च 'किरकोळ' या सदरात ढकलला जातो किंवा मुळीच दाखविला जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

परदेशी पुस्तके व चित्रफिती पाहून आलेला हौशी माणूस येथे एक आक्षेप घेईल. तो म्हणेल, आता जैविक गाळणीसाठी वेगळे माध्यम कोणी वापरीत नाही. टाकीत 'लाइव्ह रॉक' म्हणजे जिवाणू व सूक्ष्मजीवांनी भरलेले प्रवाळखडकाचे तुकडे ठेवले आणि जोडीला चांगला प्रोटीन स्किमर दिला की काम झाले. ही पद्धत बर्लिनमधील शौकिनांनी रूढ केली आणि तिची गुणवत्ता वादातीत आहे. तिचे बीज मात्र उष्ण कटिबंधातलेच. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांवर समुद्री टाकी टिकवण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली होती. तिच्यात यंत्र म्हणावे असे काही नव्हते.

परंतु भारतात ही पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही, आणि उचलू नये. जुलै २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट झाले. समुद्रपंखा, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ हेही त्यात आले. वाघाला जे संरक्षण आहे तेच या दगडासारख्या दिसणाऱ्या जिवांना आहे. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडादेखील त्यातून सुटत नाही. किनाऱ्यावरून 'नुसता दगड' म्हणून उचलून आणलेला तुकडा हा बहुधा प्रवाळच असतो. मन्नारच्या आखातात बांधकामासाठी व चुन्यासाठी प्रवाळ खणले गेल्याने झालेली हानी आपण पाहिली आहे. तीच गोष्ट शोभेच्या नावाखाली पुन्हा व्हावी याला काही अर्थ नाही. दुकानात लाइव्ह रॉक उघडपणे मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. अनुदानावर उभ्या राहिलेल्या घटकात असा तुकडा सापडला तर तो लाभार्थ्याच्या अंगाशी येईल, विक्रेत्याच्या नव्हे.

पर्याय आहेत आणि ते स्वस्त आहेत. जिवाणूंना प्रवाळ नको असते, त्यांना बसायला जागा हवी असते. भाजलेल्या सच्छिद्र सिरॅमिकच्या कड्या, प्लास्टिकचे बायोबॉल, खरखरीत स्पंज, सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा कालवून ओतलेले कृत्रिम खडक, यांपैकी काहीही चालते. सिमेंटचा खडक मात्र गोड्या पाण्यात काही आठवडे, पाणी बदलत बदलत, मुरवून घ्यावा लागतो. नाही तर सामू भलताच चढतो. भाजक्या कौलांचे तुकडे क्लाउनफिशच्या टाकीत दुहेरी उपयोगाचे ठरतात, कारण नर-मादीची जोडी अंडी चिकटवण्यासाठी असाच कठीण पृष्ठभाग शोधत असते. आणि क्लाउनफिशला बंदिवासात समुद्रफूल म्हणजे सी ॲनिमोन लागतेच, ही समजूतही सोडून द्यावी. त्याच्याशिवाय ते उत्तम राहतात आणि अंडीही घालतात.

आता प्रोटीन स्किमरविषयी. या यंत्राला मी कमी लेखत नाही. बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये चिकटतात, फेसाबरोबर वर चढतात आणि वाटीत जमा होतात. घाण कुजण्यापूर्वीच बाहेर काढणारे हे जवळजवळ एकमेव साधन आहे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, म्हणून ते तेथे चालते. गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीत त्याचा उपयोग जवळपास नाही. शिवाय ते पाण्यात भरपूर हवाही मिसळते. पण विक्रेता त्याची भलामण जशी करतो तसे ते अमोनियावरचे उत्तर नाही. मासे आपला बहुतेक अमोनिया कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतात आणि तो फेसाला चिकटत नाही. खाद्याचे उरलेले कण, विष्ठा, चिकट स्राव हे स्किमरचे क्षेत्र. श्वासागणिक बाहेर पडणारा अमोनिया हे जिवाणूंचे. ज्याचे अंदाजपत्रक मर्यादित आहे त्याने जैविक माध्यम, हवा आणि बॅटरी यांची सोय आधी करावी आणि स्किमर त्यानंतर घ्यावा. प्रत्यक्षात उलटे घडते : स्किमरवर निम्मा पैसा जातो आणि जिवाणूंना घर उरत नाही.

घ्यायचाच तर टाकीच्या आकाराला साजेसा घ्यावा. खूप मोठा स्किमर थोड्या माशांच्या टाकीत नीट फेस धरीत नाही. वाटी आणि तिची मान दर दोन-तीन दिवसांनी पुसावी लागते, कारण तेथे चरबीचा थर बसला की फेस वर चढत नाही. हे काम करण्याची ज्याची तयारी नसेल त्याने ते पैसे वाचवावेत.

गाळणीच्या खरेदीत ज्याची चर्चा होत नाही अशी एक गोष्ट आहे : विम्लता, म्हणजेच अल्कलिनिटी. जिवाणू १ ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट करतात तेव्हा कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने ७.१४ ग्रॅम विम्लता खर्ची पडते. आपल्या २ ग्रॅम खाद्याच्या उदाहरणात हा खर्च रोज सुमारे ०.६६ ग्रॅम, म्हणजे प्रतिलिटर ३.३ मिलिग्रॅम होतो. समुद्राच्या पाण्यात विम्लतेची मूळ शिल्लक प्रतिलिटर ११५ ते १२० मिलिग्रॅम असते. पाणी बदलले नाही तर पाच आठवड्यांत ती संपण्याच्या मार्गावर जाते, सामू कोसळतो, आणि गंमत अशी की गाळणी जितकी कार्यक्षम तितके हे लवकर घडते. पुष्कळांची समजूत असते की तळाशी शिंपल्यांचा किंवा प्रवाळवाळूचा थर असला की सामू आपोआप राखला जातो. पण सामू बराच घसरल्याशिवाय हे चुनखडीयुक्त द्रव्य फारसे विरघळतच नाही. ते विरघळू लागते तोवर मासे सोसत असतात. रोज साधारण १ ग्रॅम खाण्याचा सोडा, थोड्या गोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून हळूहळू सोडला, तर या उदाहरणातील खर्च भरून निघतो. विम्लता मोजण्याचा संच मात्र जवळ हवा. अंदाजाने सोडा टाकणे हे मोजमापाशिवाय युरिया फेकण्यासारखे आहे.

अमोनिया गेला, नायट्रेट राहिले. त्याच टाकीत दिवसाला प्रतिलिटर सुमारे २ मिलिग्रॅम, आठवड्याला १४ मिलिग्रॅम नायट्रेट साठते. दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलले, तर साठा वाढत वाढत पाणी बदलण्याच्या क्षणी ७० मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावतो. त्याखाली उतरत नाही. बहुतेक मासे हे सहन करतात, नाजूक अपृष्ठवंशीय जीव करीत नाहीत. पातळी निम्मी करायची तर खाद्य निम्मे करावे, नाही तर पाणी दुप्पट बदलावे, किंवा नायट्रेट शोषणारे काही तरी यंत्रणेत असावे. आणि या टप्प्यावर मत्स्यालय समुद्रापासून किती दूर आहे, हा प्रश्न गाळणीच्या निवडीत येतो. माझ्या मते तो येथे निर्णायक आहे, पण मार्गदर्शक पुस्तिकांत त्याला जागा मिळत नाही.

मंडपम, विळिंजम किंवा रत्नागिरीला समुद्राचे पाणी वाहतुकीच्या खर्चात मिळते. तेथे नायट्रेटसाठी यंत्रे घेण्यात अर्थ नाही. येणारे पाणी स्वच्छ करण्याची यंत्रणा घ्यावी. ते वाळूच्या गाळणीतून काढावे, क्लोरीनने निर्जंतुक करावे, जोरदार हवा देऊन व गरज पडल्यास सोडियम थायोसल्फेट वापरून क्लोरीन घालवावा, आणि क्लोरीन उरला नसल्याची चाचणी घेऊनच टाकीत सोडावे. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ व कमी क्षारतेचे होते, म्हणून पावसाळ्यापूर्वीच झाकलेल्या टाक्यांत पाणी साठवण्याची सोय हाही गाळणी यंत्रणेचाच भाग समजावा. खाडीचे पाणी आणून ते समुद्राचे समजू नये.

नागपूर, हैदराबाद, इंदूर किंवा दिल्लीत चित्र बदलते. तेथे पाणी म्हणजे मीठ. दोनशे लिटरसाठी सुमारे ७ किलो कृत्रिम सागरी मीठ लागते आणि दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलायचे तर दीड किलोच्या आसपास. शिवाय ते मिसळण्यासाठी आरओचे पाणी, कारण अनेक शहरांच्या नळाच्या आणि बोअरच्या पाण्यात आधीच नायट्रेट किंवा इतर क्षार असतात. येथे स्किमर आपली किंमत भरून काढतो, कारण त्याने बाहेर काढलेली प्रत्येक वाटी घाण म्हणजे वाचलेले मीठ असते. टाकीखालच्या सम्पमध्ये दिवा लावून समुद्री शैवाल वाढवणे हा याहूनही चांगला उपाय. शैवाल नत्र शोषते, त्याचा वाढलेला भाग कापून टाकला की नत्र कायमचे बाहेर जाते. रात्री टाकीचा दिवा बंद असताना शैवालाचा दिवा चालू ठेवला, तर पहाटे होणारी सामूची व प्राणवायूची घसरणही काहीशी आवरते.

बाकीची उपकरणे थोडक्यात सांगता येतात. सक्रिय कोळसा पाण्याचा पिवळेपणा व औषधांचे अवशेष घेतो, अमोनिया घेत नाही. झिओलाइट खाऱ्या पाण्यासाठी विकत घेणे म्हणजे पैसे बुडवणे होय : त्याचे अमोनिया धरण्याचे सामर्थ्य गोड्या पाण्यापुरते आहे. भरलेला झिओलाइट रिकामा करण्यासाठी तो मिठाच्या पाण्यात भिजवतात, मग समुद्राच्या पाण्यात तो अमोनिया कसा धरून ठेवील? अतिनील दिवा प्रवाहातून जाणाऱ्या परजीवींची संख्या कमी करतो. माशाच्या अंगावर बसलेल्या परजीवीला तो काही करीत नाही. वर्षभरात त्याची शक्ती क्षीण होते, दिसायला मात्र तो तितकाच निळा दिसतो. नव्या माशांसाठी वेगळी टाकी ठेवणे दिव्यापेक्षा अधिक उपयोगी. ओझोनपासून नवशिक्याने दूर राहावे. समुद्राच्या पाण्यात प्रतिलिटर ६५ मिलिग्रॅमच्या आसपास ब्रोमाइड असते आणि ओझोनमुळे त्यापासून तयार होणारी संयुगे जिवांना घातक असतात. पितळेची तोटी, जस्त चढवलेला नळ, लोखंडी स्क्रू यांना खाऱ्या पाण्याच्या मार्गात कोठेही जागा नाही. गाळ अडवणारा कापूस किंवा पिशवी दोन-तीन दिवसांत धुतली नाही तर ती गाळणी न राहता नायट्रेटचा कारखाना होते. जैविक स्पंज मात्र टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा, नळाखाली धरू नये.

बीजोत्पादन करणाऱ्यांनी हे सर्व नियम पिल्लांच्या टाकीपुरते बाजूला ठेवावेत. क्लाउनफिशची अंडी आठवडाभरात, सूर्यास्तानंतरच्या अंधारात फुटतात. बाहेर पडणारी पिल्ले इतकी लहान व अशक्त असतात की कोणताही पंप त्यांना ओढून नेतो, आणि त्यांचे खाद्य असलेले रोटिफर स्किमर व दिवा यांच्या तावडीत सापडतात. पहिले दोन आठवडे मंद हवा, हरित शैवालाचे पाणी आणि तळाची घाण हाताने नळीने काढणे, हीच गाळणी. पुढे पिल्लांवर पट्टे दिसू लागले की संगोपन टाकीत आधीपासून चालत असलेला, जिवाणू बसलेला स्पंज त्यांच्या टाकीत आणून लावावा. अनुभवी संवर्धक असे दोन-तीन जादा स्पंज कायम मुरत ठेवतात.

मुरण्याचा हा काळ, माझ्या दृष्टीने, सर्वांत दुर्लक्षित खर्च आहे. दुकानातून आणलेली गाळणी म्हणजे रिकामे घर. त्यात जिवाणू राहायला येण्यास चार ते सहा आठवडे लागतात, खाऱ्या पाण्यात कधी त्याहून अधिक. या काळात माशांऐवजी अमोनियम क्लोराइडची मोजकी मात्रा देऊन जिवाणू वाढवता येतात, किंवा चालू टाकीतील माध्यम आणून लावल्यास हा काळ बराच घटतो. समुद्राच्या पाण्यातील भरपूर क्लोराइडमुळे नायट्राइटचा विषारीपणा माशांना गोड्या पाण्याइतका भोवत नाही, म्हणून काही जण नायट्राइट दिसत असतानाच मासे सोडतात. पण नायट्राइट दिसणे याचा अर्थ साखळीचा दुसरा दुवा अजून जुळलेला नाही. थोडी वाट पाहण्याने काही बिघडत नाही.

योजनांच्या अंमलबजावणीत मात्र ही वाट पाहण्यास जागा नसते. आर्थिक वर्ष संपत येते, टाक्या बसतात, छायाचित्रे निघतात, त्याच आठवड्यात मासे सोडले जातात आणि महिन्याभरात निम्म्या टाक्या रिकाम्या होतात. त्यानंतर गटातील स्त्रिया 'आम्हाला हे जमणार नाही' असे म्हणतात, आणि अधिकारी 'लाभार्थी निरुत्साही आहेत' असा शेरा मारतात. दोघांचाही यात दोष नसतो. म्हणून माझी सूचना अशी की, शोभिवंत सागरी मत्स्यसंगोपनाच्या प्रकल्प अहवालाच्या नमुन्यात टाकीच्या लिटरसोबत रोजच्या खाद्याचा ग्रॅममधील आकडा विचारला जावा. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि अमोनिया, नायट्राइट, विम्लता यांचे चाचणी संच ही पर्यायी नव्हे तर आवश्यक खरेदी मानली जावी. आणि माशांच्या खरेदीचा हप्ता यंत्रसामग्रीच्या हप्त्यापासून वेगळा काढून, दिलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येतो व नायट्राइटही दिसत नाही, असे सलग दोन नोंदींत आढळल्यावरच तो द्यावा. या नोंदी गटातील स्त्रियांनी स्वतः घ्याव्यात. चाचणीनळीतील रंग तक्त्याशी ताडून पाहण्यास फारतर दहा मिनिटे लागतात, आणि पहिला मासा येण्यापूर्वीच त्यांच्या हाती महिनाभराच्या नोंदींची वही असते.